एएनएची हिरवी स्लाइड संगणकाला वाचायला शिकवताना: काचेपासून रिपोर्टपर्यंत

एएनए या रक्तचाचणीच्या स्लाइडवर दोघांचं चटकन एकमत झालं, तर समजावं की वेल (स्लाइडवरचा एका नमुन्याचा खळगा) एकतर ठार काळी आहे किंवा लखलखीत हिरवी. भांडण होतं ते मधल्या वेल्सवर. एक म्हणतो वन प्लस (फिका पॉझिटिव्ह), दुसरा म्हणतो निगेटिव्ह, आणि दुपारी चारनंतर, पन्नासेक वेल्स बघून झाल्यावर, पहिल्याचंही स्वतःशी एकमत होत नाही. संगणकाची खरी मदत इथे होते. त्याचे डोळे दमत नाहीत. पण त्याला जे दाखवाल तेवढंच तो बघतो, म्हणून या लेखातला मोठा भाग प्रोग्रामबद्दल नसून स्लाइड आणि कॅमेऱ्याबद्दल आहे.

ज्यांच्याकडे कॅमेरा लावता येईल असा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे आणि थोडंफार पायथन येणारं कुणी हाताशी आहे, अशा लॅबसाठी हे लिहितो आहे. तयार यंत्रं बाजारात आहेतच: नोव्हा व्ह्यू, युरोपॅटर्न, अक्लिडेस, हेलिऑस वगैरे. ती घेणार असाल तरी पुढे वाचा, विक्रेत्याला काय विचारायचं ते कळेल. एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात निदानासाठी वापरायचं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ च्या कक्षेत येतं. घरी बनवलेला प्रोग्राम लॅबमध्ये दुसरा डोळा म्हणून ठेवायचा. रिपोर्टवर सही आणि निर्णय पॅथॉलॉजिस्टचाच.

चाचणी थोडक्यात

ल्युपस, स्क्लेरोडर्मा, श्योग्रेन यांसारख्या आजारांत शरीर स्वतःच्याच पेशीकेंद्रकातल्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती शोधायची चाचणी म्हणजे एएनए. काचेवर वाढवलेल्या हेप-२ या मानवी पेशींवर रुग्णाचं पातळ केलेलं सीरम ठेवायचं, धुवायचं, मग कॉन्जुगेट, म्हणजे रुग्णाच्या आयजीजी प्रतिपिंडांना चिकटणारं, फ्लुरेसीन रंग जोडलेलं द्रव्य घालायचं. प्रतिपिंडं असतील तर पेशी हिरव्या चमकतात, आणि कुठे व कशा चमकतात यावरून पॅटर्न ठरतो. जॉर्ज फ्रिऊ यांनी १९५७ मध्ये ही पद्धत वापरात आणली तेव्हा तिच्यात हेप-२ वापरत नसत. नंतर कित्येक वर्षं उंदराचं यकृत आणि मूत्रपिंड चालायचं. हेप-२ पेशी स्वरयंत्राच्या कर्करोगातून घेतल्या असं किटच्या पत्रकात आजही लिहिलेलं दिसतं. प्रत्यक्षात त्या हेला पेशींनी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या, लॅबमध्ये सर्वत्र पसरलेल्या पेशींनी) कधीच गिळंकृत केल्या होत्या. चाचणीला त्याने फरक पडत नाही, पण पत्रकावर किती विसंबायचं याचा हा चांगला धडा आहे.

यंत्राकडून तीन उत्तरं हवी असतात: पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, किती तेजस्वी, आणि पॅटर्न कोणता. त्यांचा भरवसाही याच क्रमाने कमी होत जातो. पहिलं काम नीट जमल्याशिवाय तिसऱ्याला हात घालू नका. बहुतेक जण नेमकं उलट करतात, कारण पॅटर्न ओळखणारं न्यूरल नेटवर्क दाखवायला छान दिसतं.

पायरी १: स्लाइड

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. स्लाइडची सीलबंद पाकिटं २ ते ८ अंशांवर असतात. फ्रिजमधून काढल्या काढल्या पाकीट फाडलंत, तर पावसाळ्यात, त्यातही कोकणात किंवा मुंबईत, काचेवर लगेच दव धरतं आणि पेशींची ठेवण बिघडते. पाकीट बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

पुढचं किटच्या पत्रकाप्रमाणे करा. साधारणपणे सीरम अर्धा तास, धुणं, कॉन्जुगेट अर्धा तास, पुन्हा धुणं. दोन्ही वेळा डबा ओलसर हवा. वेल कडेने वाळली की तिथे हिरवी किनार उमटते आणि प्रोग्राम तिलाच पॉझिटिव्ह समजतो. पीबीएसची (धुण्याच्या द्रावणाची) धार थेट वेलवर सोडू नका, पेशी सुटून जातात. कव्हरस्लिपखाली बुडबुडा राहिला तर माणूस तो ओलांडून बघतो. यंत्राला तो केंद्रक वाटू शकतो.

केंद्रकं शोधण्यासाठी दुसरा रंग लागतो. डॅपी घ्या. तो डीएनएला चिकटतो आणि निळा चमकतो. काही किटमध्ये इव्हान्स ब्लू येतो. पार्श्वभूमी लाल होते, डोळ्यांना बरं वाटतं, पण हिरवा प्रकाश दबतो, म्हणून मोजमापासाठी मी तो टाळतो.

प्रत्येक स्लाइडवर कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, हवेत: निगेटिव्ह कंट्रोल, ठळक पॉझिटिव्ह कंट्रोल आणि सीमेजवळचा फिका पॉझिटिव्ह कंट्रोल ठेवा. हा तिसरा किटमध्ये बहुधा नसतो. लॅबमध्ये उरलेली सीरम, संस्थेच्या नियमात बसत असेल तर, एकत्र करून, छोट्या नळ्यांत वाटून गोठवून ठेवा. सगळ्यात जास्त उपयोग याच कंट्रोलचा होतो. का, ते शेवटच्या पायरीत येईल.

आणि एका अभ्यासात दोन कंपन्यांच्या स्लाइड मिसळू नका. पेशी कशा वाढवल्या आणि कशाने फिक्स केल्या यावर कोणतं प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटतं तो पेशीतला घटक) टिकतं ते ठरतं. आरओ प्रतिजन तर एका स्लाइडवर दिसतं आणि दुसरीवर गायब होतं.

पायरी २: कॅमेरा

माझी पहिली फजिती इथेच झाली. कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर चालू राहिलं होतं. निगेटिव्ह कंट्रोल अंधारा दिसला म्हणून कॅमेऱ्याने आपणहून एक्सपोजर वाढवलं आणि तोही हिरवागार करून दाखवला. दोन दिवस मी कॉन्जुगेटला शिव्या दिल्या. म्हणून आधी ऑटो एक्सपोजर, ऑटो गेन, व्हाइट बॅलन्स आणि गॅमा, सगळं बंद करा. तेजस्विता हेच जिथे मोजमाप आहे, तिथे कॅमेऱ्याची हुशारी म्हणजे लबाडी.

रंगीत कॅमेऱ्यापेक्षा एकरंगी, १२ बिटचा कॅमेरा घ्या. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या मिळतात, १२ बिटमध्ये ४०९६. फिका पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यातलं अंतर ८ बिटमध्ये कधी कधी चार-पाच पायऱ्यांचंच उरतं. चित्रं टिफमध्ये साठवा, जेपेग मुळीच नको. त्याचं दाबणं बारीक ठिपक्यांच्या पॅटर्नलाच खाऊन टाकतं.

एक्सपोजर असं ठरवा: ठळक कंट्रोलची वेल घ्या आणि सर्वांत उजळ पिक्सेल कमाल आकड्याच्या थोडा खाली राहील असा वेळ निवडा. तो कागदावर लिहून भिंतीला लावा. या वेळेत फिक्या वेल्स फारच अंधाऱ्या येत असतील, तर प्रत्येक ठिकाणी दोन चित्रं घ्या, एक आखूड वेळेचं आणि एक लांब. लांब चित्र पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवायला, आखूड चित्र पॅटर्नला.

फोकस नेहमी डॅपीच्या निळ्या प्रकाशात करा. फ्लुरेसीनला सुमारे ४९० नॅनोमीटरचा प्रकाश मिळाला की तो ५२० च्या आसपास हिरवा चमकतो, पण उजेडात राहिला की झपाट्याने फिका पडतो. हिरव्यात बघत फोकस शोधत बसलात तर चित्र काढेपर्यंत तेज उतरलेलं असतं. निळ्यात फोकस, मग हिरवं झाकण फक्त चित्रापुरतं उघडायचं.

मर्क्युरी दिवा असेल तर त्याच्या तासांची नोंद ठेवा. जमल्यास एलईडी बसवा, तो चालू केल्या केल्या स्थिर होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. चित्राच्या कडा मध्यापेक्षा अंधाऱ्या येतातच. एकसारख्या चमकणाऱ्या प्लॅस्टिक स्लाइडचं चित्र काढून ठेवा आणि प्रत्येक चित्राला त्याने भागा. त्याआधी झाकण बंद ठेवून काढलेलं काळं चित्र दोन्हींतून वजा करा.

भिंगाबद्दल थोडक्यात: चाळणीसाठी २० पट पुरे, पॅटर्नसाठी ४० पट बरं. एका वेलमधून तीन ते पाच क्षेत्रं घ्या, आणि विभाजनातल्या निदान चार-पाच पेशी मिळेपर्यंत थांबू नका.

पायरी ३: केंद्रक शोधणं

केंद्रकं नेहमी निळ्या चित्रात शोधा, हिरव्यात कधीच नाही. निगेटिव्ह सीरममध्ये हिरव्यात काही नसतंच, आणि पेशीद्रव्याच्या पॅटर्नमध्ये केंद्रक म्हणजे एक काळं भोक असतं. निळं चित्र मात्र प्रत्येक वेलमध्ये सारखंच दिसतं.

पार्श्वभूमी वजा करा, किंचित धूसर करा, मग उजळ आणि अंधारं यांतली सीमा आपोआप ठरवणारी ओत्सूची पद्धत लावा. १९७९ ची आहे, पण या कामाला आजही चोख. भोकं बुजवा, फार लहान आणि फार मोठे तुकडे टाकून द्या. चिकटलेली केंद्रकं वॉटरशेड या पद्धतीने वेगळी होतात. हे सगळं पायथनच्या साइकिट-इमेज या लायब्ररीत तयार मिळतं. कोड लिहायचा नसेल तर सेलप्रोफायलर मोफत आहे. दाट पेशींत वॉटरशेड अडखळला तर स्टारडिस्ट किंवा सेलपोज हे प्रोग्राम वापरा, दोन्हींची आधीच शिकवलेली मॉडेलं केंद्रकांवर चांगली चालतात.

आता महत्त्वाचा भाग. विभाजनातल्या पेशी वेगळ्या काढा. निळ्यात त्या लहान, घट्ट, खूप उजळ आणि लांबट दिसतात. क्षेत्रफळ, सरासरी तेज आणि गोलाई या तीन आकड्यांवर साधा नियम लावला तरी बहुतेक सापडतात. अनेक प्रोग्राम यांना कचरा समजून फेकून देतात. अनुभवी माणूस मात्र स्लाइडवर आधी त्यांनाच शोधतो.

शेवटी प्रत्येक केंद्रकाभोवती थोडी रुंद कडी आखा. ती पेशीद्रव्याची जागा.

पायरी ४: पॉझिटिव्ह की निगेटिव्ह

प्रत्येक केंद्रकाचं हिरवं तेज मोजा, पार्श्वभूमी वजा करा, वेलमधल्या सगळ्या पेशींचा मध्यक घ्या. सोपं वाटतं ना? दोन खड्डे आहेत.

पहिला सेंट्रोमिअरचा (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाचा). या पॅटर्नमध्ये केंद्रकात ४० ते ८० ठळक ठिपके असतात, बाकी केंद्रक जवळजवळ काळं. केंद्रकाच्या आतल्या पिक्सेलचा मध्यक घेतलात तर तो निगेटिव्हच्या शेजारी जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक केंद्रकाचा ९५ वा शतमानही (९५ टक्के पिक्सेल ज्याच्या खाली असतात ते तेज) मोजा आणि दोन्हींपैकी एकाने जरी सीमा ओलांडली तरी वेल वेगळी काढा. मोजकेच ठिपके असणाऱ्या पॅटर्नमध्ये तर ९५ वा शतमानही हुकतो, तिथे केंद्रकातले ठिपके मोजणारी वेगळी पायरी लागते.

दुसरा पेशीद्रव्याचा. फक्त केंद्रक मोजलं तर मायटोकॉन्ड्रियाविरोधी प्रतिपिंडं निगेटिव्ह म्हणून निघून जातात, आणि ती तर प्रायमरी बिलिअरी कोलांजायटिसची मोठी खूण. स्नायूंच्या दाहात सापडणारं जो-१ सुद्धा पेशीद्रव्यातच चमकतं. कडीचं तेज वेगळं मोजा, वेगळी सीमा ठेवा.

सीमा कुठून आणायची? कुणाच्या निबंधातून उचलू नका. तुमचा मायक्रोस्कोप, तुमचा कॅमेरा, तुमचं किट यांवर निरोगी लोकांची सीरम चालवून ती ठरवा. निरोगी माणसंही निगेटिव्हच असतात असं नाही हे लक्षात ठेवा. १९९७ च्या एका बहुकेंद्री अभ्यासात निरोगी लोकांपैकी १:४० ला (सीरम ४० पट पातळ केल्यावर) ३१.७ टक्के, १:८० ला १३.३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३.३ टक्के पॉझिटिव्ह आले होते. म्हणजे निरोगी गटातली काही सीरम खरोखरच चमकणार, आणि ती यंत्राची चूक धरायची नाही. २०१९ च्या ल्युपस वर्गीकरण निकषांत एएनए १:८० किंवा त्याहून जास्त ही प्रवेशाची अट आहे, म्हणून चाळणी १:८० ला करणं सोयीचं पडतं.

सीमा एकच रेष नको, पट्टा ठेवा. पट्ट्याखाली निगेटिव्ह, पट्ट्यावर पॉझिटिव्ह, मधलं सगळं माणसाकडे. सुरुवातीला पट्टा रुंद राहू द्या.

एकाच डायल्युशनच्या (पातळ करण्याच्या प्रमाणाच्या) तेजावरून टायटरचा, म्हणजे किती पातळ करेपर्यंत सीरम पॉझिटिव्ह राहील याचा, अंदाज बांधता येतो. पण अंदाज तो अंदाज. फार तीव्र सीरममध्ये तेज एका पातळीला जाऊन अडकतं, आणि कॉन्जुगेटचा लॉट बदलला की सगळा हिशोब सरकतो.

पायरी ५: पॅटर्न

पॅटर्नच्या नावांचा सावळागोंधळ मिटवायला आयकॅप हा आंतरराष्ट्रीय गट २०१४ पासून काम करतो. त्याने प्रत्येक पॅटर्नला एसी क्रमांक दिला, एसी-० म्हणजे निगेटिव्ह. नोंदींत हेच क्रमांक वापरा. पण यंत्राला सगळे शिकवायला जाऊ नका, दुर्मिळ पॅटर्नची चित्रंच मिळणार नाहीत. पाच-सहांपासून सुरू करा आणि उरलेल्यांसाठी "ओळखलं नाही, बघा" असा खण ठेवा.

विभाजनातल्या पेशी इथे कामाला येतात. एसी-१, म्हणजे एकसंध पॅटर्नमध्ये, केंद्रक सपाट हिरवं आणि विभाजनातली गुणसूत्रांची पट्टीही लख्ख. एसी-४ आणि एसी-५ या ठिपकेदार पॅटर्नमध्ये तीच पट्टी काळी पडते. एसी-३ सेंट्रोमिअरमध्ये ठिपके पट्टीवर ओळीने मांडल्यासारखे दिसतात. एसी-२ मध्ये, ज्याला डीएफएस म्हणतात, केंद्रक दाट बारीक दाण्यांचं आणि पट्टीही चमकणारी. हा पॅटर्न निरोगी लोकांत बराच आढळतो, आणि केवळ डीएफएस-७० चीच प्रतिपिंडं असतील तर ल्युपससारख्या आजाराची शक्यता कमी होते. प्रोग्रामने त्यालाच एसी-१ म्हटलं तर एखादी तरुण मुलगी ल्युपसच्या धास्तीने दवाखान्यांच्या चकरा मारत राहते. या दोघांतल्या गोंधळावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि अजूनही समाधान नाही. शंका आली की डीएफएस-७० ची स्वतंत्र चाचणी करून घेणं हाच मार्ग.

तंत्राचं म्हणाल तर, चित्रं शेकड्यांत असतील तर हॅरॅलिकची पोत-मोजमापं किंवा एलबीपी (पोत मोजण्याचीच दुसरी रीत), आणि वर साधा वर्गीकारक पुरतो. हजारांत असतील तर आधी शिकवलेलं रेसनेट हे न्यूरल नेटवर्क घेऊन त्याचे शेवटचे थर तुमच्या चित्रांवर शिकवा. चित्रं फिरवून, उलटवून संख्या वाढवा, पेशीला वर-खाली नसतं. तेज मात्र मनमानी बदलू नका.

प्रत्येक पेशीचं उत्तर आलं की वेलचं उत्तर बहुमताने, आणि त्यावर विभाजनातल्या पेशींचा नियम. दोन्ही जुळले नाहीत तर वेल माणसाकडे. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण एकाच सीरममध्ये दोन पॅटर्न असू शकतात आणि ठळक एकसंध पॅटर्नखाली ठिपके झाकले जातात. तीव्र वेल पुढच्या डायल्युशनला पुन्हा चालवून बघा, खालचा पॅटर्न अनेकदा तिथे उघडा पडतो.

पायरी ६: शिकवण्याची चित्रं आणि त्यांची वाटणी

लेबलं दोन जाणकारांनी एकमेकांचं न बघता द्यावीत, वाद तिसऱ्याने सोडवावा. जाणकारही चुकतात. २०१२ च्या आयसीपीआर या संगणकीय पॅटर्न-ओळख परिषदेतल्या हेप-२ स्पर्धेत २८ चित्रांतल्या १४५५ सुट्या पेशी, सहा वर्गांत, ओळखायच्या होत्या. तज्ज्ञाची अचूकता ७३ टक्क्यांच्या आसपास निघाली आणि सर्वोत्तम प्रोग्राम त्याच्याही खाली राहिला. सुटी पेशी दाखवली की माणसाच्या हातून शेजारच्या पेशी आणि विभाजन हे दोन्ही आधार जातात, हे त्यामागचं मोठं कारण.

आता माझी दुसरी फजिती. सगळ्या पेशी एकत्र पिसून मी त्यांचे शिकण्याचे आणि परीक्षेचे असे दोन गठ्ठे केले. निकाल इतका देखणा आला की पेढे वाटायचेच बाकी होते. नव्या रुग्णांच्या स्लाइडवर तोच प्रोग्राम कोसळला. एकाच वेलमधल्या पेशी एकमेकींसारख्याच असतात, त्यामुळे पेपर आधीच फुटलेला होता. वाटणी रुग्णानुसार करा, आणि एक अख्खा दिवस किंवा अख्खा लॉट फक्त परीक्षेसाठी बाजूला ठेवा.

पायरी ७: पडताळणी

एकूण अचूकतेच्या आकड्याला भुलू नका. समजा १००० नमुन्यांत ८०० निगेटिव्ह आहेत. काहीही न बघता सगळ्यांना निगेटिव्ह म्हणणारा प्रोग्रामही ८० टक्के अचूक ठरतो. संवेदनशीलता (खऱ्या पॉझिटिव्हपैकी किती पकडले) आणि विशिष्टता (खऱ्या निगेटिव्हपैकी किती निगेटिव्ह म्हटले) वेगवेगळ्या मांडा, पॅटर्नसाठी प्रत्येक वर्गाचा गोंधळ-तक्ता (कोणता वर्ग कोणता म्हणून ओळखला गेला) काढा, आणि माणूस व यंत्र यांच्या एकमतासाठी कोहेनचा कप्पा (योगायोगाने जुळलेली उत्तरं वगळून एकमत सांगणारा आकडा) मोजा. माणूस विरुद्ध माणूस कप्पाही काढा. तो कमी असेल तर यंत्राकडून जास्तीची अपेक्षा कशाच्या जोरावर करणार?

निदान काही महिने समांतर चालवा: माणूस नेहमीसारखं वाचेल, यंत्र गुपचूप आपलं उत्तर लिहील. यंत्राचं उत्तर आधी दाखवलंत तर माणूस त्याच्याकडे झुकतो. यंत्राने निगेटिव्ह म्हटलेली आणि माणसाने पॉझिटिव्ह धरलेली प्रत्येक वेल काढून चित्र बघा. त्यांत बहुधा पेशीद्रव्याचे पॅटर्न, मोजके ठिपके आणि वाळलेल्या वेल्स निघतील.

पायरी ८: रोजचं काम

फिक्या कंट्रोलचं तेज रोज आलेखावर टाका, बायोकेमिस्ट्रीत कंट्रोलचा लेव्ही-जेनिंग्ज आलेख काढतात तसंच. हळूहळू खाली सरकणारी रेष म्हणजे दिवा किंवा कॉन्जुगेट म्हातारं होतंय. एकदम पडलेली रेष म्हणजे त्या दिवशी कुणीतरी काहीतरी विसरलं. ठळक कंट्रोल हे लवकर सांगत नाही, तो आजारी पडला तरी हिरवाच दिसतो.

फाइलच्या नावात रुग्णाचं नाव घालू नका, लॅबचा क्रमांक पुरतो. मूळ चित्रं जपा. चार महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला की "त्या वेळी नक्की काय दिसलं होतं" हे दाखवता येणं, हा या सगळ्या उठाठेवीचा मला झालेला सर्वांत मोठा फायदा.

रिपोर्टवर पद्धत, डायल्युशन, तेज, पॅटर्नचं नाव आणि एसी क्रमांक लिहा. आजाराचं नाव लिहू नका. एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे, आणि पुढची ईएनए किंवा डीएसडीएनए (नेमकी कोणती प्रतिपिंडं आहेत ते सांगणारी) चाचणी लक्षणं बघून डॉक्टर ठरवतील.

किटचा नवा लॉट आला की जुना संपण्याआधी दोन्ही एकाच दिवशी, त्याच सीरमवर चालवा: काही निगेटिव्ह, काही ठळक, आणि बरीचशी सीमेजवळची. आकडे सरकले असतील तर सीमेचा पट्टा नव्याने ठरवा, तारीख घाला, आणि भिंतीवरचा एक्सपोजरचा जुना कागद काढून टाका. आमच्याकडे दोन्ही कागद आठवडाभर शेजारी शेजारी लटकत होते आणि सकाळची पाळी एक वाचायची, दुपारची दुसरा.